पत्र्या, कंपाउंडर आणि सुमनवहिनीची झोप

आमची सून भाजी निवडताना मोबाईल भिंतीला टेकवून ठेवते आणि त्यात एक माणूस तासभर नुसता बोलत असतो. काय बोलतो? तर दोन वेगवेगळ्या पिक्चरमधले दोन खुनी एका पिक्चरमध्ये आले, त्यातला एक फक्त स्वप्नात मारतो आणि दुसरा मरतच नाही, मग त्यांची गाठ पडली ती जागेपणी की झोपेत, आणि झोपेत पडली असेल तर झोप कुणाची. सून इतकी रंगून जाते की मेथीच्या काड्या भाजीत टाकते आणि पानं कचऱ्यात. परवा मला म्हणाली, "आई, तुम्हाला नाही कळायचं, यात लय लॉजिक असतंय." माझी शाळा चौथीपर्यंत. पण हा सगळा काथ्याकूट आम्ही बायकांनी पस्तीस वर्षांपूर्वी तासगावाकडच्या बेदाण्याच्या शेडवर गुडघ्याला गुडघा लावून करून टाकला आहे, आणि त्याच्यापायी माझ्या भावजयीचा आणि तिच्या पोटातल्या पोराचा जीव जायची वेळ आली होती. त्या मोबाईलमधल्या माणसाला म्हणावं, तू तुझ्या घरातलं एक माणूस गमवायच्या बेताला येऊन दाखव, मग लॉजिक सांग.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि लग्न जमत नव्हतं. आबा जाऊन तीन वर्षं झाली होती. घरात आई, मी आणि सुमनवहिनी. दादा मिलिटरीत, वर काश्मीरकडं. त्याचं दर महिन्याला निळं अंतर्देशीय पत्र यायचं. त्यात पहिल्या चार ओळी आईला, चार मला, आणि शेवटी "बाकी ठीक" एवढंच वहिनीला. ते "बाकी ठीक" ती दिवसभर चोळीत ठेवून फिरायची. ती उंब्रजची, हायवेच्या कडेला वाढलेली. आमच्याकडं आल्यावर पहिले सहा महिने म्हणायची की इथं ट्रकचा आवाज नाही तर झोप कशी लागते. नंतर मात्र अशी झोपायला लागली की आई म्हणायची, हिच्या उशाला तोफ उडवली तरी ही कूस बदलणार नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी. झोप हा तिचा एकच शौक होता.

शेडवर आम्ही दोघी जायचो. बेदाण्याचा हंगाम म्हणजे उन्हाळा, वर पत्रा, आणि जाळ्यांच्या मजल्यांवर पसरलेली द्राक्षं. गंधकाची धुरी दिली की तो वास लुगड्यात, केसात, भाकरीतसुद्धा उतरायचा. खाली आम्ही वीसेक बायका ओळीनं बसून वाळलेल्या मालातल्या काड्या काढायचो आणि हिरवा, पिवळा, काळा असे ढीग लावायचो. हात चिकट, त्यावर माश्या, आणि बारा वाजता त्याच हातांनी भाकरी सोडायची. लोकांना वाटतं बेदाण्याच्या गावात आम्ही शिरा खात असू. आम्ही भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा खात होतो. बेदाणा समोर आला तरी ओकारी यायची. अजूनही मी खिरीतले बेदाणे बाजूला काढते.

आमच्या ओळीची म्होरकी कलाक्का. पन्नाशीची, दात तंबाखूनं काळे, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर तिचं मत तयार. मुकादम विलास, चाळिशीचा माणूस, दोन पोरांचा बाप, पण डोकं पिक्चरमध्ये अडकलेलं. एक गाडी माल भरून गेला की तो मालकाकडून मंजुरी काढायचा, तासगावातून टीव्ही आणि व्हीसीआर आणायचा आणि भर दुपारी शेडच्या टोकाला पोती टांगून अंधार करायचा. बायकांना सासू-सुनेचे, रडायचे पिक्चर हवे असायचे. विलास आणायचा खुनाचे. त्यातला एक होता दवाखान्यातल्या कंपाउंडरचा. तो मेल्यावर लोकांच्या स्वप्नात सुई घेऊन यायचा आणि ज्याला टोचेल तो सकाळी खाटेवर मेलेला सापडायचा. दुसरा एक लाकूडतोड्याचा. तोंडावर पत्र्याचा मुखवटा, हातात करवत. जाळला तरी मरत नाही, विहिरीत ढकलला तरी वर येतो. त्याचं पिक्चरमधलं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही, आम्ही त्याला पत्र्या म्हणायचो. दोन्ही पिक्चर बघून बायका आठ-आठ दिवस परसाकडं जोडीनं जात होत्या. मग एक दिवस विलास कॅसेट नाचवत आला, "आता दोगंबी एकाच पिक्चरात!"

त्या पिक्चरचा शेवट आम्ही बघितलाच नाही. कंपाउंडर पत्र्याला ओढत त्या जुन्या दवाखान्यात नेतो, पत्र्या करवत उचलतो, बायका एकमेकींचे दंड धरतात, आणि पडद्यावर मुंग्या. मुंग्या गेल्या तर समोर लग्न! मांडव, अंतरपाट, भटजी मंगलाष्टकं म्हणतोय, एक जाडी बाई कॅमेऱ्याकडं बघून हात हलवतेय. नवरा मिशीवाला, मुंडावळ्या बांधलेला. शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं, आता अक्षता पडणार, तेवढ्यात कॅसेट संपली. विलासनं व्हीसीआरला दोन थपडा मारल्या. मी तिथंच म्हटलं, कुणीतरी घरचं लग्न ह्या कॅसेटवर भरलंय, त्यात शेवट पुसला गेला. एवढी साधी गोष्ट. पण साधी गोष्ट ऐकायला तिथं कोण बसलं होतं?

दुसऱ्या दिवसापासून काड्या काढता काढता तेच.

"पर पत्र्या झोपतच न्हाई," वहिनी म्हणाली, "मग कंपाउंडर त्येच्यापतूर पोचला कसा?"

"त्यो मेलेलाच हाय की," विलास म्हणाला. "मेलेलं म्हंजे कायमचं झोपल्यालं. कंपाउंडरला रान मोकळं."

"मेलेल्याला सपान पडतंय व्हय रं?" कलाक्का म्हणाली. "जा, तुज्या आज्याला इचारून ये." सगळ्या हसल्या. मग तिनं तंबाखूची चिमूट दाढेला लावली आणि आपलं मत काढलं. "मुळात ह्यो पिक्चरच उलटा काडलाय. सपनात ज्येला मेल्यालं बगितलं त्येचं आवक्ष वाडतं. माजा मालक तीनदा मेला माज्या सपनात, आजून खोकतोय. ह्यो कंपाउंडर लोकांचं भलंच करतोय, त्येला ठावं न्हाई."

"मग पत्र्या का मरत न्हाई?"

"का मंजी? ज्यानं ज्यानं पिक्चर बगितला त्यो रातच्याला त्येलाच सपनात कापतोय. मग कसा मरंल?"

यावर विलाससुद्धा हातातली काडी खाली ठेवून विचारात पडला. मी विचारलं, "ह्ये दोगं जेवत्यात कवा?" कलाक्कानं माझ्यापुढं काड्यांचा अजून एक ढीग सरकवला. आणि लग्नाचं काय? तर तेही कलाक्कानं पिक्चरमध्ये बसवून टाकलं. आमच्याकडं स्वप्नाचा कायदा सगळ्यांना पाठ आहे. स्वप्नात मरण दिसलं तर चांगलं, लग्न दिसलं तर वाईट, नवरदेव दिसला तर त्या माणसाची तिरडी बांधायची वेळ आली. "कुनीबी भरलं आसू दे," कलाक्का म्हणाली, "पर बराबर जागी भरलंय. कंपाउंडरनं पत्र्याचं लगीन लावलं, मंजी त्येला संपिवला." वहिनीनं मान डोलावली. तिचं स्वतःचं एक मत होतं. पिक्चरमधली एक पोरगी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर दचकून जागी होते आणि पुन्हा डोळा लागला की स्वप्न त्याच पायरीवरून पुढं सुरू होतं. "सपान जितं तुटतं, तितनंच फुडं जोडतंय," वहिनी म्हणाली. मी म्हटलं, माझं लहानपणीचं शेळीचं स्वप्न अजून अर्धंच पडलंय, ती शेळी कुठं अडकली? पण तिच्या डोक्यात ते पक्कं बसलं. तिला सातवा महिना होता. दादाचं पत्र दोन महिने आलं नव्हतं. बसायला जागा मिळाली की अशी मतं घट्ट बसतात.

आठ दिवसही झाले नसतील. सकाळी मी शेण काढून आले तर वहिनी चुलीपुढं बसलेली, चूल विझलेली, चेहरा राखेसारखा. तिनं लग्न बघितलं होतं. आमच्याच अंगणात मांडव, अंतरपाट धरलेला, नवरीचं तोंड दिसत नाही, आणि नवरदेव दादा. वर्दीवर मुंडावळ्या. शेवटचं मंगलाष्टक चाललेलं असताना गाय हंबरली आणि ती जागी झाली.

"आक्षता पडल्या न्हाईत, वन्सं," ती म्हणाली. "आता म्या झोपले की पडत्याल."

आणि ती झोपली नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. तोंडात मिरची धरून बसायची. पाठ टेकली तर डोळा लागेल म्हणून उखळावर बसायची. दुपारी शेडवर पेंग आली की बेदाण्याची काडी नखात खुपसायची. आईनं मीठमोहऱ्या उतरवल्या, अंगारा लावला, शेवटी शिव्या दिल्या. चौथ्या दिवशी वहिनीच्या पायांवर सूज आली. उपकेंद्रातल्या नर्सबाईनं दंडाला पट्टा बांधून बघितलं आणि मला बाहेर बोलावून म्हणाली, "हिला झोपवा. न्हाई झोपली तर दोघांचंबी खरं न्हाई." तिला काय सांगणार? कंपाउंडरमुळं झोपत नाही म्हणून? ती म्हणाली असती, कुठल्या दवाखान्यातला?

मला अतोनात राग आला होता. वहिनीचा, विलासचा, कलाक्काचा, आणि ज्या कुणी घरचं लग्न परक्या कॅसेटवर भरलं त्याचा. पाचव्या दिवशी मी खाडा केला आणि एस.टी.नं तासगावला गेले. व्हिडिओच्या दुकानातल्या माणसाला म्हटलं, ह्या लग्नाचा पुढचा भाग दाखव. तो म्हणाला, फुडं न्हाईच, कॅसेट तितं संपली. मग म्हटलं, नवरा कोण? तो हसला. त्याच्या गल्लीतलाच होता, दुधाचा धंदा करत होता. मी भर उन्हात त्या गल्लीत गेले आणि माझ्या डोळ्यांनी बघितलं. मिशीवाला, पोट सुटलेला, म्हशीची धार काढत होता. घरी येऊन वहिनीला म्हटलं, "बघून आले मी. त्यो नवरा जित्ता हाय. तीन म्हशी हायत त्येला."

वहिनीनं लाल डोळ्यांनी माझ्याकडं बघितलं. "त्यो कॅसेटीतला, वन्सं. सपनातला न्हवं."

शेडवर जाऊन मी कलाक्काला चार बायकांसमोर झाडली. तूच हिच्या डोक्यात भरलंस, आता तूच काढ. कलाक्का रागावली नाही. तंबाखू थुंकून म्हणाली, "लगीन मोडाय मरानच पायजे. कुनीतरी त्येला सपनात मेल्यालं बगाय पायजे. त्येबी पहाटं. पहाटंचं सपान समद्यांच्या वरचढ." मी म्हटलं, तू बघ. ती म्हणाली, "म्या परकी. घरच्या मानसानं बगितलं पायजे. रडाय पायजे." आई बघणार नाही, आई मेली तरी बघणार नाही. म्हणजे राहिले मी. मला स्वप्नं पडत नाहीत. दिवसभर काम करणाऱ्या माणसाला कसली स्वप्नं? म्हणून मी दुसऱ्या दिवशी सकाळी सरळ खोटं बोलले.

वहिनी भाकरी थापत होती. बोटं दोन ठिकाणी भाजलेली. मी उंबऱ्यात बसून म्हटलं, "वैनी, आज पहाटं दादाला म्या सपनात मेल्याला बगितला."

तिचा हात परातीत थांबला. "कुटं?"

मला वाटलं होतं एवढ्यावर भागेल. "शाळंच्या वट्यावर. खाटंवर ठेवला हुता."

"आंगावर काय हुतं?"

"वर्दी."

"टोपी?"

"टोपी न्हवती. केस भिजल्यालं." मग माझं तोंड आपोआप चालायला लागलं. "तोंड जरा उघडं, झोपल्यावर आसतंय तसं. वटावर माशी बसल्याली, म्या हाकलली. उजव्या पायात मोजा हुता, डाव्या पायात न्हवता." मोजा कुठून आला मला माहीत नाही. दादाला लहानपणी एकाच पायात चप्पल घालून पळायची खोड होती, त्यातून आला असेल. पण ते सांगताना मला तो नागडा पाय खरंच दिसला.

"रडलीस का?" वहिनीनं मला पहिल्यांदाच एकेरीत विचारलं.

"लय."

तेवढ्यात आई मागून आली आणि माझ्या थोबाडीत मारली. कायदा तिलाही पाठ होता, पण पोटच्या पोराचं मरण ऐकायला कायदा पुरत नाही. वहिनी मात्र हसली. हात धुतले, पिठाची परात तशीच ठेवली, कणगीच्या आडोशाला जाऊन कुशीवर पडली आणि क्षणात घोरायला लागली. राहिलेल्या भाकरी मी थापल्या, गाल चोळत.

ती तो पूर्ण दिवस झोपली, रात्रभर झोपली, दुसऱ्या दिवशीही दुपार होत आली तरी उठली नाही. मी दोनदा नाकाशी बोट धरून बघितलं. आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी हंबरडा फुटला. कलाक्काचा जावई उंब्रजवरून जाणाऱ्या गाडीवर कंडक्टर. कलाक्कानं त्याच्याजवळ आपल्या शहाणपणाची गोष्ट मोठ्या तोंडानं सांगितली, त्यानं ती उंब्रजच्या स्टँडवर घाईघाईत सांगितली, गाडी सुटायची होती, आणि वहिनीच्या माहेरी पोचलं ते एवढंच की जावई गेले, शालननं, म्हणजे मी, बघितलं. तिचे वडील, आई आणि चुलती, तिघं मिळेल त्या गाडीनं आली होती. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून चुलतीच्या डोक्यावर भाकरी-पिठल्याची पाटी. वहिनीची आई ऊर बडवत येत होती.

मी धावत गेले आणि तिच्या तोंडावर सरळ हात दाबला. आईची विहीण, वयानं मोठी, पण दुसरा इलाज नव्हता. "गप! पोरगी झोपलीया. ह्ये ऐकून उठली तर तितंच मरंल."

"जावई गेलं आन गप म्हंतीस?" वहिनीचे वडील ओरडले. "लाज न्हाई वाटत?"

"कुनी न्हाई गेलं! सपनात गेला!" आणि मग रस्त्यात उभं राहून मी त्या म्हाताऱ्याला कंपाउंडर, पत्र्या, दुधवाल्याचं लग्न आणि तिसरी पायरी, सगळं सांगितलं. तो माझ्याकडं असा बघत होता की जावई राहू द्या, मीच हातची गेले. त्याच्या बायकोला मात्र सगळं लगेच कळलं. तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "पहाटं न्हवं?" मी म्हटलं पहाटं. "मग चांगलंच की वो," ती नवऱ्याला म्हणाली, "आवक्ष वाडलं." तो मटकन ओट्यावर बसला आणि पाण्याचा तांब्या आईनं त्याच्या तोंडाला लावला.

आता पाटीचं काय करायचं? मेलेल्याच्या नावानं आणलेलं अन्न जित्याच्या घरात खायचं नाही आणि माघारीही न्यायचं नाही. यावर दोन्ही विहिणी अर्धा तास भांडल्या. शेवटी भाकरी गाईला घातल्या. ही गडबड ऐकून वहिनी दारात आली, केस विसकटलेले, गालावर पोत्याचे वळ. "आये? तू कवा आलीस?" तिची आई एक क्षण गोंधळली आणि मग म्हणाली, "तुला न्ह्यायला आलोय. बाळतपनाला." तिलाही खोटं बोलायला वेळ लागला नाही. त्याच दिवशी ती माहेरी गेली. जाताना माझे हात धरून म्हणाली, "वन्सं, तुमच्या सपनानं वाचीवलं." तोंडाशी आलेलं खरं गिळून टाकलं.

पुढं दादाचं पत्र आलं. कावीळ होऊन दीड महिना मिलिटरीच्या दवाखान्यात होता, आता बरा. कलाक्का गावभर सांगत सुटली की मरण आलंच होतं, शालननं परतवलं. झालं. त्यानंतर वर्षभर बायका माझ्याकडं येत होत्या. आमच्या मालकाला एवढं सपनात मारा. आमच्या पोराला मारा, परीक्षेला बसलाय. एकीनं तर म्हैस आणली होती. मी हाकलून दिलं तर म्हणायच्या, भाव खाती. माझी दोन स्थळं यामुळं मोडली, माणसं मारणारी सून कोण करणार? आणि तिसरं जमलं तेही याचमुळं. मिरजेकडची माणसं. सासूला दम्याचा त्रास होता. लग्नानंतर पंधराव्या दिवशी तिनं मला लाजत लाजत विचारलं. मी सांगितलं, मला स्वप्नं पडत नाहीत. ती बिनास्वप्नाचीच नव्वदीपर्यंत जगली.

वहिनीला मुलगी झाली, नंतर दोन मुलगे. दादा पेन्शनीत येऊन बाग करतो आणि असा घोरतो की शेजारी तक्रार करतात. खरं काय ते मी वहिनीला आजवर सांगितलेलं नाही. आधी ती घाबरेल म्हणून, नंतर इतकी वर्षं झाली म्हणून.

पुढच्या आठवड्यात माझं पोटाचं ऑपरेशन आहे, सांगलीला. पित्ताशयात खडे आहेत, आणि डॉक्टर म्हणाला, वय आहे, साखर आहे, जरा जोखीम आहे. मी कुणाला बोलले नाही, पण चार दिवस झोप नव्हती. सुनेनं वहिनीला फोन करून सांगितलं असणार. काल सकाळी सहाला फोन वाजला.

"वन्सं, आज पहाटं म्या तुमाला मेल्यालं बगितलं." आवाज लग्नाचं आवतण द्यावं असा.

मी उठून बसले. "आंगावर काय हुतं?"

पलीकडं तिनं चहाचा एक घोट घेतला. मग ती म्हणाली, "उजव्या पायात मोजा हुता. डाव्या पायात न्हवता."

मी उभ्या जन्मात मोजे घातलेले नाहीत, हे तिला चांगलं ठाऊक आहे.

"रडलीस का?" मी विचारलं.

"लय," ती म्हणाली.